तिसऱ्या जागेची गादी

९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद माझा आणि तक्रार मामीची. ती म्हणते, पोरीने गिऱ्हाइकांच्या कार्डांचा कॉम्प्युटरवर प्रोग्राम करून दिला आणि तेव्हापासून नवराबायकोत बोलायला काही उरलं नाही. पूर्वी निदान "अहो, या गिऱ्हाइकाला कुठली गादी कापू?" एवढं तरी विचारावं लागायचं. आता चिठ्ठी छापून बाहेर येते, ती चिठ्ठीप्रमाणे कापते आणि मी साच्यावर बूट चढवतो. दिवसभर नुसता कात्रीचा आवाज.

एक गंमत दिसली, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू भरभर बोलतेस आणि मी नुसता हो हो म्हणतो. लिहिलंस तर दोनदा वाचता येतं.

गाद्यांची फळी तुला आठवत असेल. लहानपणी तिच्यावर चढून बसायचीस. बुटाच्या आत तळव्याखाली घालायचे तक्ते आपण कडकपासून मऊपर्यंत, तळापासून वर रचतो. तळाला बूच, मग रबर, मग स्पंज आणि सगळ्यात वर कापूस, जो बोटाने दाबला तरी खड्डा पडतो. नोव्हेंबरपासून बूच आणि रबर यांच्या मधे नवा काळा फोम आला. कापसाचा गठ्ठा पूर्वी महिन्याला एक संपायचा. यंदा तीन महिने झाले, तोच गठ्ठा आहे. नव्या दोन गिऱ्हाइकांपुरता कापला तेवढाच. वर धूळ बसली आहे.

मामी म्हणते, लोकांचे पाय सुधारले. तसं असेल तर देवाचे उपकार. पण माणसाचा पाय वयाबरोबर नाजूक होत जातो, उलटा कधी जाताना मी तीस वर्षांत पाहिला नाही. ज्यांना कापूस लागतो ते सगळे गेले कुठे?

घाई नाही. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. मामीला सांगा, प्रोग्राममध्ये एक सोय करून देते: दर दहा चिठ्ठ्यांनंतर पडद्यावर "अहो, चहा घेणार का?" असं येईल.

तुमचा प्रश्न मी ऑफिसात माझ्या शेजारणीला सांगितला. ती म्हणाली, "तुझे मामा बूट शिवतात की तपास करतात?" मी म्हटलं, दोन्ही. पण खरं सांगते, त्या कापसाच्या गठ्ठ्याने माझ्या डोक्यात ठाण मांडलं आहे. हिवाळ्यात जाड मोज्यांमुळे कडक गादी चालते का? दुखऱ्या पायांसाठी दवाखान्यातून तुमच्याकडे येणारी माणसं बदलली का? की कापूस लागणारे लोक दुसऱ्या दुकानात जाऊ लागले?

मी तुमच्या कार्डांचं काय करते, ते तुम्ही मागे विचारलं होतं आणि मी "ते ढगात ठेवते" असं सांगून पळ काढला होता. आता नीट सांगते. काही डेटाबेस कप्प्यांच्या कपाटासारखे असतात. किती कप्पे आणि कुठल्या कप्प्यात काय, हे आधी ठरवावं लागतं. मी वापरला तो दुसऱ्या जातीचा, नोएसक्यूएल म्हणतात त्याला. तिथे एका माणसाच्या कार्डावरचं सगळं मी एकामागोमाग एक असं सलग बांधते, त्याचं गाठोडं करते आणि वर नंबर टाकून ठेवून देते. कोणाच्या गाठोड्यात डावा पाय आखूड अशी टीप असेल, कोणाच्या नसेल, ठेवणारा विचारत नाही. तुमची गिऱ्हाइकं एकासारखी एक नसतात, म्हणून मला हे बरं वाटलं. गाठोडं सोडून वाचायचं काम मात्र माझ्या प्रोग्रामचं.

तुम्ही एक करा. फळीवरचे दहा लाकडी साचे काढा, दोन वर्षांहून जुन्या गिऱ्हाइकांचे. त्यांच्या अलीकडच्या चिठ्ठ्यांवर कुठली गादी छापली आहे आणि आधी कुठली असायची, ते लिहून पाठवा.

आणि एक विचारायचं राहिलं. गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन तुम्ही तळव्यावरून अंगठा फिरवायचात, मग त्याच अंगठ्याने गादी दाबायचात आणि दोन्ही जुळलं तरच मान हलवायचात. मी शाळेत असताना त्याची नक्कल करून दाखवायची. गादी चुकीची असती, तर ते तुमच्या अंगठ्याला कळलंच असतं ना?

तुमची
टिटवी


२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. चहाची सोय नको म्हणते, पाणी भरायची सोय होत असेल तर बघ.

साचे काढले. इथे तुला माझी एक जुनी खोड उपयोगी पडेल. जोड तयार झाला की त्याच्या गादीचं नखाएवढं कातरण मी बारीक खिळ्याने साच्याच्या टाचेला ठोकून ठेवतो. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून लावलेली सवय. पुढचा जोड केला की त्याचं कातरण जुन्यावरच ठोकतो, जुनं काढत नाही. काही साच्यांना पाच-सहा थर आहेत. मामी त्यांना माझ्या माळा म्हणते.

साच्याच्या लाकडाचंही मी तसंच करतो. पाय बदलला, हाड वाढलं, तर लाकूड तासत नाही, त्या जागी चामड्याचा तुकडा टाचतो. तासलेलं लाकूड परत येत नाही. टाचलेला तुकडा काढता येतो.

तर दहा साचे पाहिले. सातांवर खालची सगळी कातरणं एक जातीची आणि नोव्हेंबरनंतरचं सगळ्यात वरचं दुसऱ्या. खाली कापूस, वर स्पंज. खाली स्पंज, वर रबर. खाली रबर, वर काळा फोम. आधी वाटलं, मामीने कापताना गल्लत केली. तिने चिठ्ठ्यांचा डबाच माझ्यापुढे आपटला. चिठ्ठीवर जे आहे तेच कापलंय आणि ते खरं आहे. उरलेल्या तिघांची गादी बुचाची, त्यांच्यात काही फरक नाही.

मग मला वाटलं, तूच वयाप्रमाणे गादी बदलायची काही युक्ती घातली असशील. शिकलेल्या माणसांनी ठरवलंय तर कारण असेल, असं मी धरून चाललो. तसं आहे का?

मीटरवाल्या बाई तुला आठवतील. विजेचे आकडे टिपत दिवसभर जिने चढणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या. साखरेच्या आजाराने त्यांचे तळवे पार बधिर झालेत. त्यांच्या साच्यावर चार थर स्पंजचे आणि वर एक रबराचा. जानेवारीच्या चौदा तारखेला जोड घेऊन गेल्या.

अंगठ्याचं विचारलंस. आजकाल चिठ्ठी छापूनच येते, त्यामुळे तेवढी गरज पडत नाही.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

काल फोनवर मी धड बोलले नाही. "कापणं थांबवा, नोव्हेंबरनंतर ज्या जुन्या गिऱ्हाइकांना जोड दिले त्या सगळ्यांना बोलवा" एवढंच सांगितलं आणि ठेवला. तुम्ही कारण विचारलं नाहीत. ते आता लिहिते.

युक्ती वगैरे काही नव्हती. चूक होती, आणि माझी होती.

तुमच्या कार्डावर "गादी: स्पंज" असं दिसतं. गाठोड्यात मात्र मी तो शब्द ठेवला नव्हता, जागा वाचवायला फक्त आकडा ठेवला होता. यादीत एक बूच, दोन रबर, तीन स्पंज, चार कापूस. मीटरवाल्या बाईंच्या गाठोड्यात नुसता तीन. नोव्हेंबरच्या अठरा तारखेला काळा फोम यादीत घालायचा होता. तो मी शेवटी न घालता दुसऱ्या जागी घातला. का, ते आता महत्त्वाचं नाही. त्याने रबर तीनवर गेलं, स्पंज चारवर, कापूस पाचवर. गाठोडी जुनीच, आकडे जुनेच. ते वाचणारी यादी तेवढी नवी. त्या दिवसापासून तीन म्हणजे रबर. बूच सोडून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गाद्या एक पायरी कडक झाल्या. प्रोग्राम कुठे अडला नाही, कुठे लाल अक्षर आलं नाही. अडला असता तर बरं झालं असतं.

तुमचा गठ्ठा हलत नव्हता, कारण पाच नंबर असलेलं जुनं गाठोडं एकही नव्हतं.

काल पहिल्यांदा मनात आलं की सगळी गाठोडी एका फटक्यात सोडावीत, आकडे एकेकाने वाढवावेत आणि पुन्हा बांधावीत. हात कीबोर्डवर होते. मग तुमचं लाकूड तासण्याचं वाक्य आठवलं आणि आधी मोजून पाहिलं. जुनी कार्डं सहाशे बारा. त्यातल्या पाचशे त्र्याण्णव गाठोड्यांना अठरा नोव्हेंबरनंतर कोणी हात लावलेला नाही. हे मला ओळखता येतं, कारण त्याच दिवशी मी कार्डात दुसऱ्या फोनचा रकाना वाढवला होता आणि तो त्यांच्यात नाही. तिथे तीन म्हणजे स्पंजच.

उरली एकोणीस. ती नंतर उघडून पुन्हा सेव्ह झाली आहेत. त्या वेळी मामीने नुसता पत्ता बदलला की यादीतून गादीही नव्याने निवडली, हे गाठोड्याला ठाऊक नाही. पत्ता बदलला असेल तर आकडा जुन्या यादीचा, गादी निवडली असेल तर नव्या यादीचा. दिसायला दोन्ही सारखेच. मी सगळ्यांचे आकडे वाढवले असते, तर त्यांच्यातल्या काहींचं बरोबर असलेलंही बिघडलं असतं.

त्या एकोणीस जणांचे नंबर सोबत पाठवते. तुमच्या माळा बघून सांगता येईल का?

बाईंचं काही कळलं का? मला झोप लागत नाही, पण ते सोडा. बधिर पायाला बूट लागतोय हे कसं कळणार, हेच डोक्यात फिरतं.

टिटवी


२ मार्च

चि. टिटवीस,

बाई सापडल्या. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

तेवीस जणांना बोलवायचं होतं, बावीस आले. कोणाला घट्टा पडला होता, कोणी "यंदा बूट जरा कठीण वाटला, पण म्हटलं नवा आहे" म्हणाले. बाईंचा फोन लागत नव्हता. त्यांच्या ऑफिसात गेलो, तर म्हणाले कामावर आहेत, कुठल्या गल्लीत ते त्यांनाच ठाऊक. दोन दिवस गल्ल्या फिरलो. तिसऱ्या दिवशी एका जिन्याखाली मीटरच्या पेटीत टॉर्च मारत उभ्या होत्या.

"बूटवाले, तुम्ही इथे?" म्हणाल्या. "आता घरोघर फिरून मापं घेता वाटतं."

मी म्हटलं, "बाई, खाली बसा आणि उजवा बूट काढा."

"हा फार छान बसलाय. कुठे टोचत नाही."

"तुम्हाला कुठलाच टोचत नाही. काढा."

जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी बूट काढला. मोज्याला अंगठ्याच्या मुळाशी डाग होता. खाली कातडी सोलवटली होती, नखाएवढी. बाई त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तशा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझाच आहे ना हा?"

तिथून सरळ दवाखान्यात नेलं. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, आणखी आठ दिवस चालला असता तर आत गेलं असतं. आता तीन आठवडे बसून राहायचं. भरून येईल म्हणाल्या. देवाने राखलं.

वाटेत त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं. वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "नुसता आकडा लिहिला होय? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, आधी मीटरचा नंबर लिहा, मग त्याचा आकडा. मीटर बदलला तर दोन्हींचा लिहा. नाहीतर आकडा कुणाचा, हे कोण सांगणार? तुमच्या भाचीला पाठवा माझ्याकडे आठ दिवस." मग हसल्या, पण नेहमीसारख्या मोठ्याने नाही.

एकोणीस साच्यांच्या माळा पाहिल्या, मामीच्या आठवणीशी ताडल्या. चौदांचं मामीने पत्ता नाहीतर फोन बदललेला, पाचांची गादी खरोखर नव्याने निवडलेली. वेगळ्या कागदावर नावांसमोर गादीचं नाव शब्दांत लिहिलं आहे. आकडा एकही लिहिला नाही.

आता माझं. तू लिहिलंस, काळा फोम दुसऱ्या जागी का घातला ते महत्त्वाचं नाही. मी पत्र आधी वहीत कच्चं लिहितो, मग पक्कं उतरवतो, हे तू विसरलीस. नोव्हेंबरचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे: "फळीवर तो बूच आणि रबर यांच्या मधे आहे, यादीतही तिथेच दिसू दे, नाहीतर मामीचा हात चुकेल." तू माझं ऐकलंस आणि दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलास. असं करू नये. लहान माणसाने तर मुळीच नाही.

आणि दुसरं. तू अंगठ्याचं विचारलंस आणि मी बगल दिली. दोन वर्षं झाली, टिटवी, माझ्या अंगठ्याला कळत नाही. आधी टोकाला मुंग्या आल्या, मग कापूस आणि बूच सारखेच लागू लागले. मामीलाही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. कार्डांचा प्रोग्राम करून दे म्हणून मी तुझ्यामागे लागलो, तेव्हा तुला वाटलं मामाला नव्याची हौस आहे. हौस नव्हती. अंगठ्याच्या जागी काहीतरी हवं होतं. गिऱ्हाइकाचा पाय मी अजूनही मांडीवर घेतो, तळव्यावरून अंगठा फिरवतो, मान हलवतो. काही कळत नसतं. बाईंचा पायही तसाच घेतला होता.

देवापुढे रोज उभा राहतो, पण हे त्यालासुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं. तुला लिहिलं.

मामा


७ मार्च

मामा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते. पहिल्या दोनांत तुम्हाला रागावले होते.

आधी कामाचं. एकही जुनं गाठोडं मी तासलं नाही. पाचशे त्र्याण्णव जशी होती तशी आहेत. मधे एक दुभाषा बसवला आहे. गाठोडं जुनं दिसलं की तो जुनी यादी घेऊन वाचतो, नवं दिसलं की नवी. तुमच्या भाषेत, लाकडावर चामडं टाचलं. एकोणीस मात्र तुमच्या कागदावरून हाताने नव्याने लिहिली, मूळ गाठोडी बाजूला ठेवून. यापुढे प्रत्येक गाठोड्यावर आवृत्तीचा नंबर असेल आणि आत गादीचं नाव शब्दांत. बाईंना सांगा, मलाही हे पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मामाच्या दुकानासाठी एवढं कशाला, असं वाटलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

काळा फोम यादीत बूच आणि रबर यांच्या मधेच दिसेल. दाखवायचा क्रम आणि साठवायचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मी एक केल्या. तुमची मागणी चुकीची नव्हती. म्हणून मी ते लिहिलं नव्हतं, तुम्हाला वाचवायला नाही.

आता अंगठा. अंगठा बधिर होतो तो एकटा होत नाही. तळवे कधी पाहिलेत तुम्ही स्वतःचे? दिवसभर त्या लाकडी खडावा घालून दगडी फरशीवर उभे असता. आईला मी काही सांगितलेलं नाही, तुम्ही सांगा. त्याआधी दवाखान्यात जा, त्याच नर्सबाईंकडे. गेलात की नाही ते मी मामीला विचारणार, तुम्हाला नाही.

नोव्हेंबरनंतर पंचेचाळीस नवी कार्डं झाली. शेवटचं सहाशे सत्तावन्न. पुढचा नंबर मी तुमच्यासाठी अडवून ठेवला आहे.

टिटवी


२१ मार्च

चि. टिटवीस,

बाईंची जखम भरली. पुढच्या सोमवारपासून कामावर. स्पंजचा नवा जोड घेऊन गेल्या आणि जाताना दुकानाच्या भिंतीवरच्या मीटरचा आकडा उगाचच टिपून गेल्या. म्हणाल्या, हात विसरला नाही ना ते पाहत होते.

दवाखान्यात गेलो. साखर निघाली. बरीच जुनी असावी म्हणाले. तळवेही गेलेत, अंगठ्याइतके नाही. टाचेला एक चीर होती, ती मला ठाऊक नव्हती. तुझ्या आईला फोन केला. ती आधी रडली, मग मी लहानपणी आजार लपवायचो त्याच्या तीन गोष्टी तिने ओळीने सांगितल्या.

माझा साचा मामीने केला. मी बाकावर बसलो आणि तिने पाय मांडीवर घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला, फळीपाशी जाऊन एकेक तक्ता दाबला, परत आली, पुन्हा पाय दाबला. तिला हे कोणी शिकवलेलं नाही, तीस वर्षं बघत होती. म्हणाली, "स्पंज." मी म्हटलं, मला रबर चालेल. ती म्हणाली, "तुम्हाला विचारलंय कुणी?" दुकानात बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. आता गिऱ्हाइकांचे पायही तीच बघते.

तर माझं कार्ड असं भर. नंबर सहाशे अठ्ठावन्न. दोन्ही तळवे बधिर, उजव्या टाचेला चीर. गादी: स्पंज. कातरण मी स्वतः ठोकलं आहे, पहिलंच आहे.

तुझ्या गाठोड्यात नवा रकाना केव्हाही मावतो म्हणालीस, म्हणून एक वाढवून दे. "तळवा कोणी दाबून पाहिला." माझ्या कार्डावर तिथे मामी लिही.

जुन्या कार्डांत हा रकाना नसणार. तिथे काहीतरी दाखवावंच लागेल, तेव्हा तुझ्या मनात येईल की मामा असं दाखवावं, इतकी वर्षं तोच बघत होता. तसं करू नकोस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी खरंच बघितलं, नंतर नाही, आणि कुठलं कार्ड कधीचं ते मला आता सांगता येणार नाही. नसेल तिथे "माहीत नाही" असं दाखव. चिठ्ठीवर तेवढं वाचलं की मामी त्या माणसाला बाकावर बसवेल आणि पाय मांडीवर घेईल. सहाशे माणसं आहेत. होतील हळूहळू.

मामा